इंग्रजी म्हणी: जोडीने घ्या, एकेक काढा

इंग्रजी म्हण सुटी घेऊ नये, चपलेसारखी जोडीनेच घ्यावी. हा पहिला धडा. 'लुक बिफोर यू लीप' एवढीच पाठ केलीत तर काठावर खोली मोजत बसाल आणि 'ही हू हेझिटेट्स इज लॉस्ट' पाठ असलेला तुमच्या देखत पलीकडे जाईल. दोन्ही जवळ असल्या की काळजी नाही. तुम्ही पाण्यात पडलात तरी म्हण कोरडीच राहते.

साहित्य म्हणून एक शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर म्हण, उजव्या पानावर तिची सवत. 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ'समोर 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क'. 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड'समोर 'ॲब्सेन्स मेक्स द हार्ट ग्रो फाँडर'. नवशिक्याने महिनाभर या दोनच जोड्या घासाव्यात. हापिसात आपलं काम दुसऱ्यांच्या गळ्यात घालायचं असेल तेव्हा हात पुष्कळ हवेत, आणि श्रेय घ्यायला चौघं पुढे आले की स्वयंपाकी फार झाले. मात्र दोन्ही एकाच बैठकीत काढू नका. मध्ये चहा येऊ द्या.

दुसरा धडा वेळेचा. म्हण कामाआधी काढायची नसते, निकाल लागल्यावर काढायची असते. यातले माझे गुरू म्हणजे आमचे मामा, बँकेतून निवृत्त झालेले. मी फ्लॅट बघत होतो. दोन महिने विचार केला, तेवढ्यात भाव चढला. मामा म्हणाले, "ही हू हेझिटेट्स..." पुढचं मीच म्हटलं. मग घाईघाईने दुसरीकडे बुकिंग केलं, तर ताबा दोन वर्षं लांबला. मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लुक बिफोर यू लीप, बाळा."

"मामा, पण तेव्हा तुम्हीच तर..."

"तेव्हा तू थांबला होतास. आता उडी मारलीस."

याला म्हणतात हुकूमत.

तिसरा धडा थोडा अवघड. काही म्हणींना जोडीदार लागत नाही, त्या स्वतःशीच भांडतात. शाळेत इंग्रजीच्या पेपरात 'एक्स्पांड द आयडिया' सोडवली असेल त्यांना 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' आठवत असेल. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही. पण शेवाळ चांगलं की वाईट? जुना अर्थ असा, की सारखा जागा बदलणाऱ्याच्या गाठीला काही राहत नाही. इथे शेवाळ म्हणजे कमाई. अलीकडे तीच म्हण फिरस्त्याच्या कौतुकाला वापरतात, आणि तिथे शेवाळ म्हणजे गंज. तीन वर्षांत चार नोकऱ्या बदललेला भाचा घरी आला की ही एकच म्हण पुरते. आवाज तेवढा बदला.

ही लबाडी आहे असं एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल. त्याने जॉन हेवूडचं पुस्तक बघावं. हा ट्यूडर दरबारातला नाटककार आणि वादक. त्याने १५४६ साली इंग्रजी म्हणींचा मोठा साठा एका संवादात ओवून छापला. विषय लग्नाचा: एका तरुणाला गरीब मुलगी करावी की श्रीमंत म्हातारी विधवा, हे ठरत नाही, म्हणून तो सल्ला मागतो. पुस्तकात लोखंड तापलं असतानाच घण घालण्याची म्हण आहे आणि उडीआधी बघण्याचीही आहे. मग गरिबीतल्या प्रेमविवाहाची एक हकिकत येते, पैशासाठी केलेल्या लग्नाची दुसरी. दोन्ही संसार बिघडतात. म्हणी मात्र सगळ्या शाबूत!

त्याहून जुना दाखला हवा असेल तर बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय उघडा. चौथी ओवी सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. पाचवी सांगते, दे. मध्ये एक ओळसुद्धा सोडलेली नाही. यहुदी पंडितांनाही हा पेच पडला होता. तालमुदमध्ये त्यांनी तोडगा काढला: एक ओवी धर्मशास्त्राच्या वादासाठी, दुसरी व्यवहारासाठी. म्हणजे दोन खिसे, आपल्यासारखेच.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ साली एका लेखात कारभारशास्त्राची खोड काढली: या शास्त्राची तत्त्वं म्हणींसारखी आहेत, प्रत्येकाला तितकंच पटणारं उलट तत्त्व तयार असतं. पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कारभारी मंडळी अजून दोन्ही तत्त्वं वापरतात. त्यांना नावं ठेवू नका, ते पुढच्या इयत्तेत आहेत.

सराव घरी करू नये. घरच्यांना तुमचं आधीचं वाक्य आठवत असतं. लग्नकार्य, सोसायटीची सभा, दवाखान्याबाहेरचा बाक, या जागा चांगल्या.

मामांची वही हल्ली माझ्याकडे आहे. झेरॉक्स मागू नका, देणार नाही. स्वतःची करा. डावं पान आधी भरा.