बाटलीचा मुहूर्त

बाटली कधी उघडायची हे सांगणाऱ्यांची जमात द्राक्षांच्या मुलखात सगळीकडे सापडते, पण तिचं मूळ पीठ म्हणाल तर इटलीचा पिएमोंते प्रांत. त्यातही आल्बा गावाभोवतीच्या लांगे टेकड्या. तिथे नेबिओलो नावाच्या द्राक्षापासून बारोलो करतात. ही लाल वाइन कोवळ्या वयात प्यायली तर पहिल्याच घोटाला हिरड्या आखडतात आणि माणूस काही वेळ नुसता ओठ चाटत बसतो. ती नरम पडायला दहा वर्षं लागतात, वीस लागतात, सालाप्रमाणे तीसही. आणि जिथे म्हणून थांबायचं असतं, तिथे किती थांबायचं हे सांगणारा माणूस उगवतोच. आपल्याकडे तो पंचांग उघडून बसतो. तिकडे ग्लास धरून बसतो.

आमचे काका त्यातले. मूळचे चिंचवडचे. तोरिनोला मोटारीच्या इंजिनांच्या कामासाठी म्हणून थोड्या दिवसांकरता आले, ते आता तिथूनच निवृत्त झाले. तोरिनोतल्या मराठी मंडळींत त्यांना आडनाव नाही, काका म्हटलं की पुरतं. नवीन आलेल्या मुलांना ते घर शोधून देतात, सरकारी कागद भरून देतात, आणि मोबदल्यात फक्त एवढंच मागतात की आपण वाइन उघडताना त्यांना विचारावं. विचारलं की ते साल विचारतात, गाव विचारतात, टेकडी विचारतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अजून मुरायची आहे."

काकांचा सिद्धांत सरळ आहे. उघडलेली बाटली दोनपैकी एका अवस्थेत असते. एक तर घाई झालेली असते किंवा उशीर झालेला असतो. मध्ये एक तिसरी अवस्था असते हे काका मान्य करतात, तिच्याविषयी तासभर बोलतातही, पण ती त्यांच्या देखत अजून कुठल्याही बाटलीला आलेली नाही.

पाकिटात त्यांच्याकडे सालांचा तक्ता असतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कडा झिजलेल्या. १९८९ उत्तम, १९९० उत्तम, १९९६ कडक पण खानदानी, २००३ उन्हाने भाजलेलं, २०१० आणि २०१६ म्हणजे पत्रिकेत सगळे ग्रह उच्चीचे. १९७२ समोर नुसती रेघ आहे. ते साल इतकं वाया गेलं की बारोलो नावाने बाटली भरायची कुणाची हिंमत झाली नाही. २००० समोर काकांनी पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलंय. त्या सालाला एका अमेरिकन मासिकाने १०० पैकी १०० गुण दिले होते, आणि काकांनी त्या भरात पेटी घेतली होती. पुढे लांगेतले जाणकार १९९९ आणि २००१ च जास्त घोळवून घोळवून पिऊ लागले. तेव्हापासून काका अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरही कडक बोलतात.

साल झालं की स्थळ. बारोलो करण्याची परवानगी असलेली गावं ११, आणि प्रत्येक गावाचा स्वभाव काकांना पाठ. ला मोर्राची वाइन लवकर बोलायला लागते, गोड बोलते. सेरालुंगाची ताठ, तिच्या मातीचाच दोष, लवकर वाकत नाही. मोनफोर्तेचीही तशीच. कायद्याप्रमाणे बारोलोला ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, आणि रिझेर्वा म्हणायची असेल तर ६२ महिने. हा कायदा काकांना हास्यास्पद वाटतो. "अडतीस महिने? अरे, आमच्या चिंचवडच्या सोसायटीचं लिफ्टचं काम यापेक्षा जास्त मुरलं होतं."

लाकडाच्या बाबतीत काका परंपरावादी आहेत. म्हणजे आता आहेत. १९८३ मध्ये एलिओ आल्तारे नावाच्या तरुण शेतकऱ्याने वडिलांच्या तळघरातली मोठमोठी जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली आणि फ्रेंच धर्तीची छोटी नवी पिंपं, ज्यांना ‘बारिक’ म्हणतात ती, आणली. वाइन लवकर पिण्याजोगी व्हावी, जगाला आवडावी, हा हेतू. वडिलांनी ते कधीच पोटात घातलं नाही. त्या भांडणात अख्खं लांगे दुभंगलं. १९९९ च्या बाटल्यांवर बार्तोलो मास्कारेल्लो या बुजुर्गाने स्वतः रंगवलेल्या लेबलांतून जाहीर केलं, ‘बारिक’ नको आणि राजकारणातला बेर्लुस्कोनीही नको. नव्वदीत काका आल्तारेच्या बाजूचे होते. तसे पुरावे त्यांच्याच तळघरात आडवे पडलेले आहेत. त्याविषयी विचारलं तर म्हणतात, "तेव्हा माझं वय काय होतं! मीही मुरायचाच होतो."

तोरिनोत जुन्या इमारतींच्या पोटात प्रत्येक बिऱ्हाडाला एक तळघराची खोली असते. लोक तिथे सायकली, बॅगा, तुटक्या खुर्च्या ठेवतात. काकांच्या खोलीत तापमान १३ अंश, हवा दमट, उजेड बंद. बुचं ओली राहावीत म्हणून बाटल्या आडव्या. काकूंनी एकदा लोणच्याची बरणी तिथे नेली होती, ती त्याच दिवशी सन्मानपूर्वक वर आली. गणपतीच्या मखरालाही प्रवेश नाही, थर्माकोलचा वास येतो म्हणून. वास येत नाही असं काकूंचं म्हणणं. पण वास हा काकांच्या अखत्यारीतला विषय आहे.

आणि इथे काकांना त्यांचं श्रेय द्यायला हवं. नाक खरंच आहे त्यांना. मी शेजारी बसून पाहिलंय. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लास तिरका धरतात आणि आधी कडा बघतात. कडेला वाइन पातळ होते, त्या पट्टीला इटालियन लोक नख म्हणतात. इतर बऱ्याच लाल वाइनी तरुणपणी जांभळट, म्हातारपणी विटकरी, त्यामुळे वय रंगावरून कळतं. नेबिओलो मात्र जन्मतःच फिकी. तिच्यात रंग टिकवणारी द्रव्यं कमी आणि तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर; त्यामुळे पाच-सहा वर्षांतच कडेला नारिंगी झाक दिसते आणि नवखा माणूस फसतो, म्हणतो, किती जुनी हो! काका अशा माणसाकडे बघून जे हसतात त्याला मराठीत एक शब्द आहे, पण काका वयाने मोठे आहेत.

मग नाक. गुलाब आणि डांबर, हे बारोलोचे दोन शास्त्रोक्त वास. तरुण असताना गुलाब ताजा, वय झालं की पुस्तकात ठेवून वाळलेला. त्यामागून चामडं, तंबाखू, ज्येष्ठमध, पावसानंतर कुजलेली पानं, आणि नशीब असेल तर आल्बाच्या त्या पांढऱ्या भूछत्राचा, ट्रफलचा, दरवळ. काका हे एकेक नाव घेतात आणि खरोखर तो तो वास आपल्याला येऊ लागतो. मग घोट. तो जिभेवरून फिरवून हिरड्यांवर थांबवतात. टॅनिनचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जातात, जड होतात, तळाला बसतात, म्हणून जुनी वाइन घासत नाही आणि म्हणूनच बाटलीत गाळ साचतो, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा काकांच्या हिरड्यांवरून नीट समजलं. इथवर माणूस शास्त्रज्ञ. यानंतर तो तोंड उघडतो आणि निकाल देतो, तिथे घोटाळा.

काकांचा मुलगा १९९६ चा. त्या सालच्या सेरालुंगाच्या सहा बाटल्या काकांनी त्याच्या लग्नासाठी घेऊन ठेवल्या होत्या. लग्न पुण्यात झालं, भटजींनी मुहूर्त काढला, बाटल्या तोरिनोतच राहिल्या. कारण प्रवासात वाइन हलते, मग तिला निवांत पडू द्यावं लागतं, आणि शिवाय, अर्थातच, लवकर झालं असतं. पुढे दिवाळीला मुलगा-सून तोरिनोला आले तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, आज उघडा. नाहीतर मी तिच्यात मटण शिजवते." बारोलोत मांस तासन्‌तास शिजवायची त्या प्रांतात रीतच आहे, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

बाटली दोन दिवस आधी वर आली आणि गाळ खाली बसावा म्हणून फ्रिजशेजारी उभी राहिली. तिच्याजवळून जाताना सगळे हळू चालत. त्या दिवशी घरात फोडणी नाही, कारण वास. उदबत्ती गॅलरीत. सुनेने अत्तर लावलं होतं, तिला हात धुऊन यायला सांगण्यात आलं. मटणात मिरची नाही, कारण तिखटाने टॅनिन जास्त बोचतं. दिवाळीच्या दिवशी इतकं अळणी जेवण मी इस्पितळाबाहेर पाहिलेलं नाही.

बूच जुनं, नेहमीच्या स्क्रूने भुगा होईल म्हणून काकांनी दोन पात्यांचा चिमटा काढला. एक पातं बुचाच्या एका बाजूने, दुसरं दुसऱ्या बाजूने, डोलवत डोलवत आत. बूच अख्खं आलं. खालचा भाग काळा-लाल, वरचा कोरडा. काकांनी हुंगलं, मान डोलावली. मग सुनेला मोबाइलचा दिवा बाटलीच्या मानेखाली धरायला लावून सुरईत ओतायला सुरुवात. धार स्वच्छ होती तोवर ओतली, आणि मानेत गाळाची पहिली काळी रेघ सरकताना दिसली तशी बाटली सरळ.

सगळ्यांच्या ग्लासात दोन-दोन बोटं. काकांनी घोट घेतला. आम्ही श्वास रोखून.

"बंद आहे," काका म्हणाले. "झोपलेली आहे. कुणी पिऊ नका."

तेवढ्यात खालून बेल. मुलाने भाड्याची गाडी कुणाच्या तरी फाटकासमोर लावली होती. मुलाला तोरिनोतल्या गल्ल्या आता आठवत नाहीत, तेव्हा काका स्वतः किल्ली घेऊन गेले. जाताना बजावून गेले, हात लावू नका. तोरिनोत संध्याकाळी पार्किंग शोधणं म्हणजे काय हे ज्याने शोधलंय त्यालाच ठाऊक. काका बराच वेळ आले नाहीत. मटण आलं. आणि आम्ही, आता खोटं कशाला बोला, प्यायलो.

काका आले, हाश्शहुश्श करत बसले, ग्लास नाकाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गेली," ते म्हणाले. "उतरणीला लागली. म्हणजे... मधल्या वेळात ती आली होती!"

यानंतर जे झालं त्याला पंचनामाच म्हणावं लागेल. किती वाजता प्यायलात? गुलाब होता का? वाळलेला की ओला? डांबर आधी की नंतर? ट्रफल कुणाला आला? मुलगा म्हणाला, "मस्त होती, बाबा." सून म्हणाली, छान होती. काकू म्हणाल्या, "मटणाबरोबर बरी लागली." काकांनी माझ्याकडे शेवटच्या आशेने पाहिलं. मी म्हणालो, चांगली होती. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभर ज्या घटिकेची वाट पाहिली, ती चार जणांपुढून गेली आणि एकालाही साधी साक्ष देता येईना!

उरलेल्या पाच बाटल्यांचं मग काय, असं मी विचारलं. "ही या बाटलीची गोष्ट," काका म्हणाले. "जुन्या वाइनीत दोन बाटल्या सारख्या नसतात. बूच वेगळं, आत गेलेली हवा वेगळी. त्या पाच अजून बंद असणार." हे विधान शास्त्राला धरून आहे, आणि या शास्त्रात काका कधीच खोटे पडत नाहीत ते याच विधानाच्या जोरावर.

मुलीची गोष्ट नाजूक. ती २००२ ची. त्या वर्षी लांगेत पाऊस, थंडी, आणि सप्टेंबरात गारपीट. काकांनी तिच्या सालची एकही बाटली घेतली नाही. तिचं शिक्षण पूर्ण झालं तेव्हा दादासाठी सहा आणि माझ्यासाठी शून्य, हा विषय निघाला. काका म्हणाले, "अगं, साल काय आमच्या हातात होतं?" काकू म्हणाल्या, "मग कुणाच्या हातात होतं?" मुलीने पुढे शोधून काढलं की त्याच २००२ ची मोनफोर्तिनो नावाची बारोलो कोन्तेर्नो घराण्याने काढली होती आणि ती भल्याभल्यांनी डोक्यावर घेतली. तिने बाबांना किंमत दाखवली. काकांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "ही तर फारच लवकर आहे अजून."

बाकी घरात रोज संध्याकाळी पितात ती दोल्चेत्तो. त्याच टेकड्यांवरची, साधी, स्वस्त, लवकर प्यायची. बारोलो करणारे शेतकरीही रोजच्या जेवणाला ती नाहीतर बार्बेरा घेतात. काका तिचा ग्लास वरणभाताबरोबर रिकामा करतात, दुसरा भरतात, बातम्यांना शिव्या देतात. नख बघत नाहीत की वास घेत नाहीत. तिच्या मुहूर्ताविषयी मी त्यांना कधी अवाक्षर बोलताना ऐकलेलं नाही.

हल्लीच काकांनी २०१६ च्या दोन पेट्या घेतल्या. तक्त्याप्रमाणे त्या २०४० च्या आसपास उघडायच्या. काकूंनी वयाची बेरीज मोठ्याने करून दाखवली, काकांनी ती ऐकली नाही. मग रक्ताच्या तपासणीत काहीतरी आकडा वर आला आणि डॉक्टरांनी तीन महिने वाइन वर्ज्य सांगितली. आम्ही काळजीने भेटायला गेलो तर गृहस्थ एकदम खुशीत.

"इतक्या वर्षांत पहिला डॉक्टर भेटला," काका म्हणाले, "ज्याला २०१६ कळतं."