पुराव्यानिशी सौभाग्य

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 7 नुसार, जेथे सप्तपदीचा विधी असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मात्र तो जोडीदाराच्या व्हिसासाठीच्या मुलाखतीच्या खिडकीशी पूर्ण होतो, आणि ही अधिक शास्त्रशुद्ध पद्धत नवी मुंबईतील वाशीकरांनी आत्मसात केली आहे, हे स्वागतार्ह होय. महापालिकेचे नोंदणी प्रमाणपत्र, संयुक्त बँक खाते, एकत्र प्रवासाची तिकिटे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील गप्पांचे मुद्रित उतारे यांतून ‘खरा विवाह’, म्हणजे केवळ व्हिसासाठी न केलेला विवाह, सिद्ध होतो. संसार दोन वर्षांहून कोवळा असल्यास ग्रीन कार्डही सशर्तच मिळते. याच न्यायाने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचे इतिवृत्त नोटरीकडून साक्षांकित व्हावे, उखाण्यातील पतीचे नाव पासपोर्टबरहुकूम, आडनावासह घेतले जावे आणि भांडणे तारीखवार नोंदवली जावीत, कारण सहजीवनाचा याहून अस्सल पुरावा संभवत नाही. चाळीस वर्षे एका छताखाली काढलेल्या सासू-सासऱ्यांकडे ना प्रमाणपत्र, ना संयुक्त खाते, ना दोघे एकत्र हसत असल्याचे छायाचित्र. प्रस्तुत निकषांवर ते अविवाहितच ठरतात, आणि सूनबाईंचा विवाह अस्सल असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांनीच दिलेले असते.