थोरांची शिकवणी

अकोल्यात माणसं दोनच प्रकारची. शिकवणी लावणारी आणि शिकवणी घेणारी. तोष्णीवाल लेआउटात एक चक्कर मारा, जवळपास प्रत्येक खांबावर गुणवंतांचे फोटो आणि त्यांच्याखाली हाताची घडी घालून उभे असलेले सर दिसतील. त्यामुळे आमच्या घरी कुत्रा आला तेव्हा शेजाऱ्यानं 'चावते का?' असं विचारलंच नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, 'क्लास कुठी लावला?'

कुत्रा मुळात आमचा नव्हे, माझ्या साळ्याचा. साळेबुवा अमरावतीचे, साईनगरचे. समोरच्यानं लॅब्राडोर आणला म्हणून यांनी सायबेरियन हस्की आणला आणि त्याचं नाव ठेवलं थॉर. वर्षभरात बदली झाली पुण्याला. तिथल्या घरमालकाला कुत्रा चालेना. मग 2024च्या मार्चमध्ये आमच्या सौभाग्यवतींनी माहेरची आठवण म्हणून थॉरला अकोल्याला आणायचं ठरवलं. लोकांच्या बायका माहेराहून पापड-कुरडया आणतात.

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग 53. ज्या रस्त्यानं कित्येक वर्षं वऱ्हाडाचे मणके मोजले, त्याच रस्त्यावर जून 2022मध्ये 75 किलोमीटर लांब डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नाव लागलं. अशा विश्वविक्रमी गुळगुळीत रस्त्यावर थॉरला गाडी लागली. बडनेऱ्यापाशी एकदा, मूर्तिजापूरला एकदा आणि बोरगाव मंजूला माझ्या नव्या शर्टावर. खड्डे होते तेव्हा आम्ही माणसं याच रस्त्यानं एसटीत उभ्यानं जायचो आणि उतरल्यावर वर कचोरी खायचो.

आईचा या प्रकाराला सक्त विरोध होता. घरात कुत्रं, देवघराजवळ केस, छे! पण आईचं माहेर कारंजा लाडचं, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावचं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ती चार वेद आहेत, हे तिथल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. आईनं एक रात्र विचार केला आणि सकाळी चहा घेता घेता विचारलं, 'चौघांतला हा कोणता होय?'

'थॉर,' मी म्हटलं.

'थोर? बरं बाप्पा. नावाचा तरी हाये.'

तेव्हापासून तो थोर.

शिकवणी अर्थातच लावली. सर बुधवारी आणि रविवारी सकाळी सहाला येत. तीन महिन्यांची फाउंडेशन बॅच, पुढे ॲडव्हान्स, अर्धी फी आगाऊ. अध्यापनाचं माध्यम इंग्रजी. सिट, स्टे, हील. सरांचं आणि माझं इंग्रजी एकाच वळणाच्या जिल्हा परिषद शाळेतलं, त्यामुळे आमचं जमलं. थोर मात्र सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग उत्तरेकडे तोंड करून 'हुऊऊ' असा लांब सूर लावायचा. हस्की फारसा भुंकत नाही, गळा काढतो. अडीच आठवडे झाले तरी 'सिट'वर तो बसेना. एका रविवारी आई हातात भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात आली. 'उभ्यानं काऊन खातं रे? बस, बस बापा.' आणि थोर बसला. पुढचे दोन पाय जुळवून, पंगतीला बसल्यासारखा.

सर गंभीर झाले. म्हणाले, 'मावशी, मधातच मीडियम बदललं का विद्यार्थी कन्फ्यूज होते.'

सरांनी एक तक्ताही करायला लावला होता. जेवण, फिरणं, पॉटी, सगळ्याची वेळ लिहायची. एकदा सकाळी फिरून आलो आणि तक्ता भरण्यासाठी फाटकातूनच ओरडलो, 'पॉटी झाली!' आतून आईचा आवाज, 'कोणाले?' म्हटलं, 'थोराले.' आत थोडा वेळ पूजेची घंटीही वाजेना. मग आई पदराला हात पुसत बाहेर आली. 'पोट्टी झाली? अन् थो तं नर होय नं!' (पोट्टी म्हणजे मुलगी, हे पुण्याच्या वाचकांसाठी. साळेबुवाही आता त्यांतच.)

विषय निघालाच आहे तर सांगतो. सकाळी मैदानावर कुत्रेवाले जमतात. तिथं कोणाला आडनाव नाही. मी थोरचे पप्पा, दुसरे ब्रूनोचे पप्पा, आणि एक बँकेतले साहेब नुसतेच चेरी. या सगळ्यांची एक मुद्रा ठरलेली आहे. दोरी डाव्या हातात, मोबाईल उजव्या हातात. कुत्र्यानं पाठीची कमान करून बूड टेकवायला घेतलं, की मालकाची मान आपोआप वर जाते आणि तो कडुनिंबाकडे असा बघू लागतो, जणू तिथं काल नसलेली फांदी आज फुटली आहे. कुत्रा उठला की मान खाली. झाडाचा अभ्यास संपतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली डेबूजी जन्मला, गाडगेबाबा झाला, खराटा घेऊन गावात शिरायचा, दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात माणसं झाडायचा. मुक्या प्राण्यांना अभय द्या, हे त्यांचं सांगणं आम्ही अक्षरशः पाळतो. खराट्याचं बघू सवडीनं. मी एकदा जुना पेपर घेऊन वाकलो, तर ब्रूनोचे पप्पा काळजीनं धावत आले. 'काय सांडलं गा भाऊ? किल्ली?'

मग मे आला. 25 ते 31 मे 2024 अकोल्यात कलम 144 लागलं. ना दंगल, ना मोर्चा. कारण ऊन. पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला, त्यात क्लासवाल्यांनीही भर दुपारी पोरं बसवू नयेत असं होतं. अकोल्यात शिकवणी बंद ठेवायला जमावबंदीचंच कलम लागतं, ही आमची शैक्षणिक प्रगती.

थोरच्या अंगावर लोकरीचे दोन थर. गल्लीतल्या प्रत्येकानं सल्ला दिला, 'हजामत करून टाका.' डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, ते केस थंडीसारखंच ऊनही अडवतात, उगाच कातडी भाजून घेऊ नका. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना तेवढा, बाकी सगळा कारभार जिभेवर. डांबरी रस्त्यावर काढायचा तर ऊन पडायच्या आत. वडिलांनी अठरा वर्षं ओरडून जे झालं नाही, ते असं झालं. मी पाचला उठू लागलो.

दिवसा कूलर लावला, वाळ्याचे ताटे भिजवले. थोरनं कूलरला हुंगून सोडून दिलं. घरभर फिरून त्यानं स्वतःच जागा काढली. माठाच्या तिवईखालची शहाबादी फरशी. माठ पाझरतो, तेवढी दीड हात जागा कायम ओली. तिथं तो चारी पाय चार दिशांना टाकून पोटावर पसरला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. आई बघत राहिली. त्या फरशीवर बाबा झोपायचे. उन्हाळ्यात अकरा ते चार, अंगावर ओला पंचा. मित्र घरी आले की आम्हा पोरांना त्याची लाज वाटायची. पुढं मी एसी घेतला आणि दुपारी दोनला डोक्याला दुपट्टा गुंडाळून वसुलीला फिरायची नोकरीही घेतली.

त्या आठवड्यातल्या बुधवारी सर आले, दुपारी बाराला, उरलेली फी मागायला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आईनं पन्हं पुढं केलं. 'बसा.' सर बसले. 'घ्या.' घेतलं. 'आडवे व्हा जराक, ऊन उतरू द्या.' सर थोरच्या शेजारी आडवे झाले. तीन कमांड, एका दमात. तक्त्यात मी दोघांच्याही नावापुढं बरोबरची खूण केली.

पोळा 2 सप्टेंबरला होता. आमचं वावर ठेक्यानं दिल्याला बारा वर्षं झाली, दावणीला बैल नाहीत. आई दरवर्षी मातीची जोडी पूजते. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी, खांदमळणीच्या वेळी, ती वाटीत तूप-हळद कालवून अंगणात बसली आणि थोरला बोलावलं. जन्मात काडी न उचललेल्या त्या प्राण्यानं खांदे असे पुढं केले, जणू सात एकर वखरून आलाय.

मी म्हटलं, 'आई, त्यानं काय ओढलं?'

'तुले ओढते नं रोज सकायी. थे काय कमी वझं होय?'

दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र हस्की मानेपासून पाठीपर्यंत पिवळाधमक होऊन मैदानावर गेला. चेरींनी मोबाईल खिशात ठेवला. गुडघ्यावर बसून पाहिलं, वास घेतला, बोटानं केस विस्कटून पाहिले. 'कोणत्या पार्लरचं काम?'

'घरीच केलं,' मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. 'सांगायचं नसेल तं राहू द्या भाऊ,' म्हणाले.

रविवारी मैदानावर दोन पोमेरेनियन हळदीनं माखून आले होते.