नाटकवाला मामा

मे महिन्याची सुट्टी लागली की प्रत्येक घराण्यात एक मामा जागा होतो. एरवी लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याला मीठ कमी आहे, एवढंच सांगण्यापुरता तो उरलेला असतो. पण पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींत 'बालनाट्य' अशी चौकट दिसली की त्याच्या अंगात येतं. बहिणींना फोन जातात. "रविवारी पोरांना कुठे अडकवू नका. नाटकाला नेतोय." ही विचारणा नसते, सूचना असते.

आमच्या पुण्यात हा मामा बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि कॉलेजात असताना त्याने पुरुषोत्तम करंडक गाजवलेला असतो. खोलात गेलं तर कळतं की एकांकिकेत तो दोन प्रवेशांच्या मधे अंधारात टेबल हलवत होता. पण टेबल अंधारात आणि आवाज न करता हलवणं म्हणजे काय, हे तो तासभर सांगू शकतो. सांगतोही.

फोनवर तिकीट काढता येतं हे त्याला ठाऊक आहे, पटत नाही. तो तिकीट खिडकीवर जातो, प्लॅन उलटा-सुलटा बघतो आणि पॅसेजला लागून असलेल्या खुर्च्या मागतो. कारण धाकट्या भाचीला नाटक ऐन रंगात आलं की शू लागते. हा एवढा एक व्यवहारी विचार सोडला तर बाकी सगळं तो कलेसाठी करतो.

शिकवणी रिक्षातच सुरू होते. चार पोरं, पाचवा मामा आणि चेहरा पाडून बसलेला रिक्षावाला. "१९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' काढलं. अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या होत्या बाई! पहिलं नाटक कुठलं? 'मधुमंजिरी'. लिहिलं कोणी? रत्नाकर मतकरींनी." पोरं खिडकी कोणाची यावरून भांडत असतात. मधला भाचा तेवढा विचारतो, "मामा, तेव्हा तू कितवीत होतास?" मामाचा जन्म पुढचा आहे. पण तो उत्तर न देता रिक्षावाल्याला जंगली महाराज रस्त्याने घ्यायला सांगतो.

बालगंधर्व रंगमंदिरात आत शिरलं की पोरांना लागतो वड्याचा वास आणि मामाला लागतात गोपाळ देऊसकरांची दोन तैलचित्रं. तो वरात थांबवतो. "हे बालगंधर्व. आणि ह्या बाई दिसतायत ना, ते पण बालगंधर्वच!" इथे पोरांनी थक्क व्हायचं असतं. थोरली भाची दोन्ही चित्रं नीट बघते आणि म्हणते, "फिल्टर भारी आहे." मामा घायाळ. पाठच्या एका आजोबांना मात्र हसू आवरत नाही.

नाटक 'अलबत्या गलबत्या'. मामासाठी त्यातली चिंची चेटकीण म्हणजे दिलीप प्रभावळकर, विषय संपला. २०१८ साली नव्या संचात वैभव मांगले चेटकीण होऊन आले, तेव्हा पोरं पोट धरधरून हसत होती आणि मामा हाताची घडी घालून बसला होता. मध्यंतरात "बरा आहे" म्हणाला. ही त्याच्याकडची सर्वोच्च पदवी. त्यानंतर तोच प्रयोग त्याने आणखी दोन भाचरांना दाखवला, हे त्याच्या बहिणीकडून कळतं.

तिसरी घंटा होण्याआधी मामा नियम सांगतो. बोलायचं नाही, खुर्चीवर उभं राहायचं नाही, पिशवी वाजवायची नाही. आणि पडदा वर गेला की स्वतःच सुरू होतो. "आता बघ, आता ती डावीकडून येणार... हा धूर मशीनचा असतो... गाणं रेकॉर्डेड आहे, आमच्या वेळी पेटीवाला समोर बसायचा." पोरांच्या आणि नाटकाच्या मधोमध तो असा कुंपणासारखा उभा असतो. तरी मला विचाराल तर मामा परवडला. पुढच्या रांगेतले आई-बाप राजपुत्र आला की स्वतःच्या पोराची मान धरून मोबाईलकडे वळवतात आणि मागे राजपुत्र यावा असा फोटो काढतात. निदान मामाची नजर तरी रंगमंचावर असते.

मग चेटकीण प्रेक्षागृहात उतरते. पॅसेजच्या खुर्च्यांचा हा दुसरा अर्थ तिकीट काढताना मामाच्या लक्षात आलेला नसतो. लांबसडक नखं, हिरवट प्रकाश, आणि ती थेट आपल्या रांगेकडे. अख्खं थिएटर किंचाळत असतं. धाकटी किंचाळत नाही. ती फ्रॉकचं टोक तोंडात धरून बघत असते, पापणीसुद्धा लवत नाही. मामा वाकून तिच्या कानात म्हणतो, "घाबरू नको, तो विग आहे, आणि नाक रंगभूषेचं..."

धाकटी त्याच्याकडे न बघता त्याच्या तोंडावर हात ठेवते. "मामा, नाटकात बोलायचं नाही."

तो पुढची वीस मिनिटं खरोखर बोलत नाही. अंक संपता संपता चेटकीण मागून दबक्या पावलांनी येते, पोरं ओरडायला लागतात, "मागे बघ! मागे बघ!" आणि त्या कल्लोळात एक जाडाभरडा, बँकेत अडतीस वर्षं नोकरी केलेला आवाज सगळ्यांच्या वर असतो.

परतीच्या वाटेवर तोंडी परीक्षा. "काय आवडलं?" मधल्याला वडा आवडला. त्याच्या पाठच्याला खुर्ची, कारण उठलं की ती आपोआप मिटते. त्याने ती सतरा वेळा मिटवून बघितली. थोरलीला तिच्या मते काही आवडलं नाही, पण ती दोन दिवस तेच गाणं गुणगुणत होती. मामाने हे सगळं बहिणीला रिपोर्ट करताना "अभिरुची घसरली आहे" असा शेरा मारला.

पुढच्या रविवारी तो जेवायला आला तर बैठकीच्या खोलीच्या दारात आईची साडी पडदा म्हणून लावलेली. धाकटी स्टुलावर बसून वहीच्या कागदाची तिकिटं विकत होती. समोर पेन्सिलने काढलेला प्लॅनही होता, चौकोन-चौकोनांचा.

"पॅसेजला लागून दे एक," मामा खिसा चाचपत म्हणाला.

"हाऊसफुल्ल."

"अगं, आत आजी एकटी बसलीय!"

"बाकीच्या बाहुल्यांच्या आहेत."

मामाने मग बराच वेळ घासाघीस केली, जुनी ओळख सांगितली, करंडकाचाही उल्लेख झाला. शेवटी एका अटीवर आत घेतलं त्याला. दोन प्रवेशांच्या मधे टेबल हलवायचं, अंधारात, आणि आवाज न करता.