पंख नीट दिसत नाहीत

कीटकांचे फोटो काढणाऱ्यांत फुलपाखरू-पंथ सर्वांत मोठा. चतुर आणि टाचण्यांवर जीव टाकणारेही पुष्कळ. पण एखादे गृहस्थ या साऱ्या रंगीत दुनियेकडे पाठ फिरवून माश्यांत शिरतात, त्यातही परजीवी माश्यांत, आणि मग घरच्यांच्या हाती लागत नाहीत.

त्यांना फोटो पाठवायचा अवकाश, उत्तर रात्री अडीचलाही येते : "पंख नीट दिसत नाहीत." तुम्ही कढीपत्त्याच्या झाडाखाली गुडघे सोलून, श्वास रोखून काढलेला फोटो. माशीचा डोळा न् डोळा लखलखतोय. पण गृहस्थांना डोळे नकोच असतात. त्यांना हवी असते पंखाच्या टोकाजवळ एकदम वळण घेणारी शीर, पाठीवरच्या छोट्या ढालीखालचा फुगवटा आणि पंखाच्या मुळाखाली ओळीने उभे राहिलेले राठ केस. एवढे दिसले की स्वारी खूश : "टॅकिनिड!"

"म्हणजे नक्की कोणती?"

"अहो, साडेआठ हजारांच्या आसपास जाती आहेत त्यांच्या. कुळ सांगितलं ना? मग झालं तर."

चारचौघांना नाव सांगण्यात आनंद वाटतो, यांना न सांगण्यात. फोरिड माशीचा फोटो आला की हा आनंद शिगेला पोचतो. त्यातल्या एकट्या मेगासेलिया या प्रजातीत सोळाशेच्या वर जाती. त्या वेगळ्या करायच्या तर बहुधा नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. हे ते सोसायटीच्या जिन्यात, शेजारच्या काकूंच्या देखत, खणखणीत आवाजात समजावतात.

त्याच काकू एकदा गॅलरीतल्या कबुतरांच्या घरट्यापाशी सापडलेल्या चपट्या किड्याचा फोटो घेऊन आल्या. "ढेकूण झालेत हो."

"ढेकूण? कबुतरमाशी आहे ती! ही अंडी घालत नाही, काकू. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, आतल्या आत दूध पाजते आणि पुरती वाढली की मगच बाळंत होते."

"बरं. मारायची कशी?"

त्यानंतर दोन दिवस त्यांनी काकूंना जिन्यात ओळख दाखवली नाही.

पुतणीच्या लग्नाचा अल्बम बघताना एका फोटोवर ते थबकले, चष्मा पुसला, "हा मोठा करून पाठव गं" म्हणाले. वहिनींचे डोळे पाणावले. गृहस्थांचे लक्ष वरमालेतल्या झेंडूवर होते. जावयाचे नाव त्यांना अजून विचारावे लागते.

आणि तरीही कधीमधी जालन्याकडचा कोणी रेशीमवाला शेतकरी फोटो पाठवतो. फोटोत माशी नाहीच. नुसती रेशीमअळी, अंगावर एक काळा डाग. इथे मात्र गृहस्थ क्षणाचाही विलंब लावत नाहीत. "उझी." स्वतः फोन लावतात. माशी अळीच्या अंगावर अंडे चिकटवते, त्यातून निघालेला किडा आत घुसतो तिथे तो काळा डाग पडतो, मग तो आतून खात सुटतो आणि कोष भोकसून बाहेर पडला की त्या कोषाचा धागा तुटका निघतो, सलग मिळत नाही; म्हणून खिडक्या-दारांना बारीक जाळी लावा, डागाळलेल्या अळ्या आजच वेचून काढा. अर्धा तास हे सगळे सांगतात, न चिडता, एकही लॅटिन नाव न घेता. शेतकरी दहादा आभार मानतो.

फोन ठेवता ठेवता मात्र राहवत नाहीच. "एखादी माशी सापडली तर डबीतून पाठवाल का? नर असला तर फार बरं."