तात्पुरतेराव

पुण्याच्या पश्चिमेला वाकड, पुनावळे, बाणेर, रावेत अशी जी नवी वस्ती वाढली आहे, तिथल्या कुठल्याही बारा मजली इमारतीत एक गृहस्थ हमखास सापडतात. मूळ गाव सोलापूर असेल, नांदेड असेल, जळगाव असेल. नोकरी हिंजवडीत नाहीतर चाकणला असेल. आडनाव काहीही असेल. आपण त्यांना तात्पुरतेराव म्हणू. त्यांच्या खिडकीला पडद्याच्या जागी चादर असते, ती कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली असते, आणि ‘हे आपलं तात्पुरतं हं’ असं प्रत्येक पाहुण्याला बसायच्या आत सांगितलं जातं. हॉलच्या कोपऱ्यात सामान हलवणाऱ्यांनी आणलेले खोके एकावर एक रचलेले असतात, त्यांतल्या एकावर मार्करनं ‘किचन ३, काच’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच्यावर टीव्ही ठेवलेला असतो. भिंतीवरचं घड्याळ फ्रिजला टेकून उभं असतं, कारण खिळा मारायचा तर आधी मालकाला विचारायला हवं, आणि मालकाला विचारायचं तर इथं राहायचं हे आधी ठरायला हवं. दारावरची पाटी आधीच्या भाडेकरूची असते. ती काढणं हे आधीच्या माणसाचं काम आणि नवी लावणं हे नंतर येणाऱ्याचं, अशी त्यांची वाटणी असते. दूधवाला, कुरिअरवाला आणि वॉचमन त्यांना त्याच पाटीवरच्या आडनावानं हाक मारतात आणि तेही बिनतक्रार ओ देतात.

कागदोपत्री तर हे गृहस्थ पुण्यात आलेलेच नसतात. आधार कार्डावर गावचा पत्ता, रेशनकार्ड गावचं, मतदारयादीतलं नाव गावच्या प्रभागात, गाडीचा नंबर एमएच १३ नाहीतर एमएच २६. देहाची देखभालही गावाकडेच होते. दाढ दुखली की लवंग धरून ते दिवाळीची वाट बघतात. चष्म्याचा नंबर गावच्याच डॉक्टरनं काढलेला त्यांना मानवतो. स्वयंपाकघराची रसद रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येते. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, जळगावची भरिताची वांगी, असा ऐवज पहाटे वाकडच्या पुलापाशी उतरतो आणि तो घ्यायला तात्पुरतेराव हाफ पँटवर हजर असतात. पुण्याविषयी त्यांची मतं मात्र पक्की असतात. पाणी टँकरचं, वाहतूक भयंकर, माणसं तुटक आणि दुकानं दुपारी बंद. यातली दुपारी बंद असलेली दुकानं त्यांनी पाहिलेली नसतात, कारण ती शहरातल्या पेठांमध्ये, आणि वाकडचा दुकानदार दुपारी झोपत नाही. पण हे मत त्यांनी गावाहून येतानाच बरोबर आणलेलं असतं, आणि सगळ्या सामानात पहिल्या दिवशी उघडलेला खोका तेवढा तोच.

शेजारीपाजारी या साऱ्याला आळस म्हणतात. हे निदान मला पटत नाही. आळशी माणूस एकदाच पडदा लावून मोकळा होईल. चिमटे निसटले की रोज रात्री खुर्चीवर चढून चादर पुन्हा अडकवण्याची मेहनत तो घेणार नाही. दाढ उपटायला साडेतीनशे किलोमीटर जाणं याला आळस म्हणायचं तर उद्योग कशाला म्हणायचं? तात्पुरतेपणा ही कष्टानं सांभाळलेली व्यवस्था आहे. माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. शहरात कायमचं रुजण्याचा आपल्याकडे चालत आलेला, वहिवाटीचा मार्ग हाच आहे. वाजतगाजत, वास्तुशांत करून, पडद्यांची मापं देऊन जो येतो, तो तीन वर्षांत बंगळुरूला बदली घेऊन जातो. ‘बघू, वर्षभर राहू आणि मग ठरवू’ म्हणणारा मात्र त्याच इमारतीतून नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाताना दिसतो.

पुरावा हवा असेल तर आधी कायद्याचा घ्या. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोकांनी अकरावरच थांबायची युक्ती काढली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं सांगितलं की लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी करा आणि नोंदवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. म्हणजे अकराच्या आकड्यामागची पळवाट महाराष्ट्रात तेव्हाच बुजली. आकडा मात्र अजून तसाच आहे. कारण गेलं आणि सोय उरली. त्याच्या आधीचा १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा याहून गमतीचा. तो होता मुदतीचा, म्हणजे तात्पुरता. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असं करत त्यानं अर्धशतक काढलं. भाडेकरूंसाठी केलेला कायदाच जर खोके न उघडता पन्नास वर्षं राहिला, तर भाडेकरूंकडून वेगळी अपेक्षा का करावी?

आता माणसांचा पुरावा. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथं १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उठल्या. खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या अशा खोल्यांमधून कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार गावकीनं, पाळीपाळीनं राहत. घर गावी, बायकामुलं गावी, शेत गावी. इथं फक्त वळकटी, ट्रंक आणि खाणावळ. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचं, बाकी दिवस मोजायचे. त्यांच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की आपण मुंबईचे नव्हे. आणि तरी भजनी मंडळं, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, दहीहंडी, संप आणि मोर्चे, ज्याला आपण मुंबईचं मराठीपण म्हणतो, ते बरंचसं या ‘मुंबईचे नव्हे’ म्हणणाऱ्यांनीच उभं केलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पोटाचं कारण संपलं, तेव्हा पुष्कळजण गावी परतले. पण पुष्कळजण राहिलेही, आणि आज त्यांची नातवंडं पुनर्विकासातल्या मोठ्या घराची चावी मागताहेत. पुण्यातही निराळं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. त्यांची सोय जिथं जिथं झाली, तिथं पुढे गृहनिर्माण संस्था झाल्या, त्यांवर मजले चढले, गॅलरीत तुळशी आल्या. आणि आज साठ वर्षांनंतरही त्यांतल्या कित्येक संस्थांच्या नावात ‘पूरग्रस्त’ हा शब्द आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल. तात्पुरतेरावांची ही वृत्ती नसून नाइलाज आहे; डोक्यावर अकरा महिन्यांची टांगती तलवार असलेला माणूस भिंतीत खिळा कशाला मारेल? अनामत रकमेतून प्रत्येक भोकाचे पैसे कापणाऱ्या मालकापुढे घड्याळ फ्रिजला टेकूनच शोभतं. आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाही. कारण याच इमारतीत, याच मजल्यावर दुसरे तात्पुरतेराव राहतात आणि त्यांनी फ्लॅट विकत घेतलेला असतो. गृहकर्ज वीस वर्षांचं आणि मुक्काम तात्पुरता! भिंत स्वतःची आहे, ड्रिल मशीन घरात आहे, खिळा मात्र नाही. ‘आत्ताच कशाला फर्निचर करा, पुढेमागे विकायचाच आहे,’ असं ते म्हणतात आणि पुढेमागे हप्ते संपतात. तेव्हा करारानं ही वृत्ती घडवली असं म्हणण्यापेक्षा करारानं तिला एक सोयीचं निमित्त दिलं, असं म्हणणं जास्त खरं. खरं कारण वेगळं आहे. गाव सोडलं हे कबूल करणं जड जातं. आईवडील तिकडे असतात, वाटणी व्हायची असते, भावकीत ‘आता काय, पुण्यातले झालात’ असा टोमणा तयारच असतो. खोका उघडला तर गाव सुटलं. खोका बंद आहे तोवर आपण फक्त कामासाठी आलो आहोत. तात्पुरतेपणाची ही चादर खिडकीसाठी कमी आणि मनासाठी जास्त असते.

दुसरा आक्षेप सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचा, आणि तो जरा तावातावाचा असतो. अशा माणसांमुळे शहरांचं वाटोळं होतं. यांना ना ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ना सभेला यायचं, ना इथं मतदान करायचं. यातलं मतदानाचं मान्य करू. नाव हलवायला निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरावा लागतो, तो ऑनलाइन भरता येतो, आणि ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून फार जास्त लागत नाही. ज्या नळाला पाणी येत नाही त्या नळाच्या नगरसेवकाला मत द्यायचं नाही आणि तीनशे किलोमीटरवरच्या गटारासाठी द्यायचं, यात गावप्रेम असेल, हिशेब नाही. पण सभेचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेत मत सभासदाला असतं, भाडेकरूला नसतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा शासनाला २००१ मध्ये घालावी लागली, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखावं. जो राहत नाही त्याला मत, आणि जो राहतो त्याला लिफ्टमध्ये सूचना! सामान फक्त सर्व्हिस लिफ्टनं न्यावं, गाडी पाहुण्यांच्या जागेत लावू नये, पोलिस पडताळणीची प्रत कार्यालयात द्यावी. पहिल्या दिवसापासून ज्याला जाणारा म्हणून वागवलं, तो राहणाऱ्यासारखा वागत नाही ही तक्रार ऐकायला बरी वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो घरातूनच येतो. तात्पुरतं राहण्याची ही चैन फक्त पुरुषाला परवडते. २०११ च्या जनगणनेत जन्मगावाबाहेर किंवा आधीच्या राहत्या ठिकाणाबाहेर राहणारे पंचेचाळीस कोटींच्या वर लोक मोजले गेले. त्यांत बायका पुष्कळ जास्त आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न. त्यांच्याशी अकरा महिन्यांचा करार कुणी केला नव्हता. म्हणून तात्पुरतेराव ‘बघू, ठरवू’ म्हणत असतात तेव्हा वहिनींचं सगळं ठरून गेलेलं असतं. कोथिंबीर कुणाकडे ताजी, कामवाली मावशी कितीला कबूल होते, टँकर कोणत्या वारी येतो, मुलाला ताप आला तर रात्री उघडा असणारा डॉक्टर कुठला, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भिशीत जागा आहे का, ही माहिती पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे जमा होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत जाऊन आलेल्या असतात. तात्पुरतेरावांना समोरच्या घरात कोण राहतं हे त्यांच्याकडूनच समजतं. हा आक्षेप मी संपूर्ण मान्य करतो, आणि माझं आधीचं म्हणणं तेवढं दुरुस्त करतो. तात्पुरता माणूस शहरात रुजतो हे खरं. पण तो आपल्या बळावर रुजत नाही. त्याचा तात्पुरतेपणा दुसऱ्या कुणाच्या तरी कायमपणावर चाललेला असतो. गिरणगावात तो गावी राहून शेत आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईवर चालला, वाकडमध्ये तो वहिनींवर चालतो. ‘आपण इथले नाही’ असं निवांतपणे म्हणायला घरात कुणीतरी इथलं झालेलं असावं लागतं.

तेव्हा तात्पुरतेरावांना ‘काय मग, आता इथंच का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं आणि ते शोधायला लावलं की ते फ्लॅटचे भाव सांगू लागतात. त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे की खोके त्यांच्या परवानगीशिवाय उघडावेत. आतली काच बहुधा फुटलेली असेल, पण टीव्हीला स्टँड मिळेल. आणि सोसायट्यांच्या चिटणिसांना विनंती आहे की या गृहस्थांना नियमांची आणखी एक प्रत देण्याऐवजी यंदाच्या गणेशोत्सवाचं खजिनदारपद द्यावं. सभेत मत नसलं तरी वर्गणी गोळा करायला उपविधी आड येत नाहीत. पावतीपुस्तक हातात आलं की प्रत्येक मजल्यावर जावं लागतं, नावं विचारावी लागतात, मांडववाल्याशी भांडावं लागतं, आणि गावचा मांडव किती स्वस्त पडायचा हे सांगायलाही हक्काचं व्यासपीठ मिळतं. शेवटी हिशेबात दोन-चारशे रुपयांचा घोळ निघेलच. तो लगेच मिटवू नये. पुढच्या वर्षीच्या खात्यात ओढावा; तो मिटवण्यासाठी हे गृहस्थ आणखी पंचवीस वर्षं राहतील.