मिनिटाला 21 थेंब

फळ्यावरचा पेशंट फार गुणी असतो. 500 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन, आठ तासांत, सेट मिलीला 20 थेंबांचा. पाचशे गुणिले वीस, भागिले 480 मिनिटं. मिनिटाला 21 थेंब. हा पेशंट हात दुमडत नाही, बाटली घेऊन संडासला जात नाही आणि त्याला मामा नसतो.

सेवाग्रामला 1969 साली मेडिकल कॉलेज निघालं, पुढे सावंगीलाही झालं; त्यामुळे वर्धा जिल्ह्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना तोटा नाही. मामांनाही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपुढे गेला की वॉर्ड भरतो. साध्या वॉर्डात पंप कुठले, सगळी भिस्त गुरुत्वाकर्षणावर. घड्याळ धरून पंधरा सेकंदांत पाच थेंब मोजायचे, रोलर अडकवायचा, बाटलीला उभी चिकटपट्टी लावून तासातासाच्या रेघा मारायच्या. आपली पाठ वळली की मामा उठतो आणि रोलर सैल करतो.

"लय हयू पडून राह्यलं न जी सिस्टर. आर्वीची लास्ट गाडी हाय."

दोन तासांनी गेले तर मामा खुशीत: "आपण चार रेघा पुढं आहो!" बाटलीत वरून पोटॅशियम घातलेलं नव्हतं हे नशीब. ते भरभर गेलं तर हृदयाचा ताल बिघडतो. तिथे गाडी चुकलेली परवडते.

मुलींचा जीव मायक्रो सेटवर. त्याचे 60 थेंब म्हणजे एक मिली, तासाची मिनिटंही साठ; म्हणून ताशी जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. भागाकारच नको! बीपी वाढवणारं डोपामाइन आलं की मात्र चेहरे उतरतात, कारण त्याचा डोस किलोवर. आणि बीपी पडलेल्या माणसाला काट्यावर उभं कसं करणार?

हिंगणघाटकडच्या एका बाबांचं वजन मुलाला विचारलं. "दिवाळीत कापसाच्या काट्यावर उभं केलं होतं जी. बासष्ट भरले. पण अंगावर घोंगडं होतं."

विद्यार्थिनीने पेन थांबवलं. "मॅडम, घोंगड्याचे किती?"

मी तोंड उघडायच्या आत मुलानेच निकाल दिला, "दोन किलो कट्टी कापा. व्यापारी तेवढीच कापते."

साठ किलो, किलोमागे मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम, 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 200 मिलिग्रॅम. या वेळी पंप होता. ताशी साडेचार मिली लावला. मुलाने आकडा वाचला आणि हळूच विचारलं, "भाव काय लागला जी?"